जपानला अभ्यासासाठी जाताना: पहिल्या उंबरठ्याआधीची तयारी

उंबरठा (धागाकर्ता)

दोन-तीन आठवड्यांचा अभ्यासदौरा असो की एक पूर्ण सत्र, जपानची तयारी करणारे विद्यार्थी व्हिसा, तिकीट आणि गरम कपडे यांवर सगळी शक्ती खर्च करतात. 'संस्कृतीची ओळख' म्हणून सामुराई, गेइशा आणि चेरीचा बहर यांवरचे दोन माहितीपट बघून होतात. यजमान कुटुंबाच्या दारात पहिल्या दहा मिनिटांत जे करायचे असते, त्यातले काहीही या माहितीपटांत नसते. माझे ठाम मत असे आहे, की तयारी घरापासून सुरू करावी. मग वर्ग, मग रस्ता, आणि देवळे-राजवाडे सर्वांत शेवटी. घरात चुकलेली गोष्ट यजमान सहसा बोलून दाखवत नाहीत, त्यामुळे ती दुरुस्तही होत नाही.

सुरुवात गेनकानपासून. दाराच्या आतली ही जागा घराच्या जमिनीपेक्षा एक पायरी खाली असते. ती 'बाहेर'च धरली जाते.

कोट किंवा ओले जर्किन दाराबाहेरच काढून हातावर घ्यायचे. आत आल्यावर तोंड घराकडे ठेवूनच बूट काढायचे आणि मोज्यांचा पाय खालच्या फरशीला न लावता थेट वर ठेवायचा. वर चढताना 'ओजामा शिमासु' म्हणायचे (तुमच्या घरात व्यत्यय आणतो आहे, असा अर्थ). मग गुडघ्यावर बसून, यजमानांकडे पूर्ण पाठ न करता, बुटांची टोके दाराकडे वळवून ते कडेला सरकवायचे. बहुतेकांची चूक इथे होते: आधीच पाठमोरे होऊन बूट काढतात. बूट सरळ राहतात, पण यजमानांना पाठ दाखवली जाते.

यासाठी बिननाडीचे बूट आणि भोके नसलेले मोजे लागतात. मोज्यांचे किमान सात जोड न्यावेत, कारण दिवसभरात बूट अनेकदा काढावे लागतात. बॅगेची चाके ओल्या रुमालाने पुसल्याशिवाय बॅग वर घ्यायची नाही, आणि तातामीवर (गवती चटयांची जमीन) ती ओढायची तर कधीच नाही. चाकांचे वळ तातामीवर कायमचे उमटतात.

घरात सपाता दिल्या जातात. तातामीच्या खोलीत शिरताना त्या बाहेर काढायच्या आणि तिथे मोज्यांनीच चालायचे. शौचालयाच्या सपाता वेगळ्या असतात. त्या घालून तसेच दिवाणखान्यात येणे ही पाहुण्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे. तातामीची कापडी किनार आणि सरकत्या दाराची खाच यांवर पाय देऊ नये. उंबरठ्यावर उभे न राहण्याची सवय असेल, तर हे लगेच अंगवळणी पडते.

न्हाणीघराबद्दल वेगळे लिहायला हवे. जाणकारांनी भर घालावी.

---

रानजाई

न्हाणीघराचे मी लिहिते. इथे एक चूक सगळ्या कुटुंबाला भोवते.

ओफुरो म्हणजे टबात भरलेले साधारण ४० ते ४२ अंशांचे पाणी. ते पाणी घरातील सगळे जण एकामागून एक वापरतात. टब अंग धुण्यासाठी नसतो, अंग शेकण्यासाठी असतो. आधी बाहेरच्या छोट्या स्टुलावर बसून साबण, शॅम्पू सगळे उरकायचे, फेसाचा एक थेंबही अंगावर ठेवायचा नाही, मगच आत उतरायचे. लांब केस वर बांधायचे. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही.

बाहेर आल्यावर टबाचे बूच काढायचे नाही, झाकण परत लावायचे. पाहुण्याला पुष्कळदा पहिला मान मिळतो, म्हणजे त्याने पाणी सोडून दिले तर मागच्या चौघांचे स्नान गेले आणि पाणी तापवायचा खर्चही गेला. कित्येक घरांत हेच पाणी दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला घेतात. निघताना जाळीत अडकलेले आपले केस उचलायचे. भिंतीवरच्या तापमानाच्या पॅनलला विचारल्याशिवाय हात लावू नये.

शौचालयातल्या बटणांची चार नावे निघण्याआधीच ओळखता यायला हवीत: नागासु (पाणी सोडा), तोमेरु (थांबवा), दाइ आणि शो (जास्त आणि कमी पाणी). पाचवे 'योबिदाशि'. सार्वजनिक शौचालयात हे मदतीसाठीचे बटण असते. पाणी सोडण्याचे समजून ते दाबले, की कर्मचारी धावत येतात. या पाचही शब्दांच्या कांजी (जपानीतली चिनी मूळ असलेली चित्राक्षरे) लिहिलेले एक कार्ड पाकिटात ठेवा. कागद भांड्यातच टाकायचा, बाजूच्या छोट्या डब्यात नाही.

---

मेतकूट

शाकाहारी विद्यार्थ्यांनी यजमानांच्या अर्जात 'व्हेजिटेरियन' एवढाच शब्द लिहिला तर चालतो का?

---

रानजाई

@मेतकूट, अजिबात पुरत नाही. या एका शब्दामुळे दोन्ही बाजूंना फार त्रास होतो.

जपानी स्वयंपाकाचा पाया दाशि, म्हणजे सूप-रस्स्यांचे पाणी. ते बहुतेक वेळा कात्सुओबुशि (वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाचा कीस) वापरून करतात. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, तेम्पुराबरोबरची (भज्यांसारखा तळलेला पदार्थ) चटणी, सगळ्यात ते असते. वाटीत मासा दिसत नाही, म्हणून यजमानांच्या दृष्टीने तो पदार्थ भाज्यांचाच. शिवाय 'निकु' (मांस) म्हटले की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर गाय-डुक्कर येते, कोंबडी येतेच असे नाही. तयार जपानी करीच्या वड्यांमध्ये बहुधा प्राण्यांची चरबी असते.

म्हणून नावे घेऊन लिहायचे: ग्यूनिकु (गाय), बुतानिकु (डुक्कर), तोरिनिकु (कोंबडी), साकाना (मासा), एबि (कोळंबी), तामागो (अंडे). प्रत्येकापुढे 'खातो' किंवा 'खात नाही'. त्याखाली दाशिचा वेगळा प्रश्न: माशाचे दाशि चालते का? चालत नसेल तर 'कोम्बु किंवा शिइताके दाशि चालेल' असे लिहा. कोम्बु हे समुद्रशैवाल आहे, शिइताके अळंबी. पर्याय दिला की यजमानांचे काम सोपे होते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, काय आनंदाने खाता ते लिहा: तोफू, अंडी, भाताचे प्रकार, वांगे, भोपळा, जे असेल ते. नुसती नकारांची यादी वाचून यजमानीण बाई घाबरतात.

पाकिटांवरच्या ॲलर्जीच्या चौकटीवर विसंबू नका. तिथे सक्तीने छापावे लागतात ते घटक मोजकेच: अंडे, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, सोबा (बकव्हीट), शेंगदाणा, अक्रोड वगैरे. मासा या सक्तीच्या यादीत नाही. मुख्य घटकांची यादीच वाचायला हवी. त्यासाठी मांस, मासा, डुक्कर, गाय, कोंबडी आणि बोनिटो यांच्या कांजी ओळखता आल्या तरी दुकानातले निम्मे काम होते.

हे सगळे जेवणाच्या टेबलावर सांगण्याची गोष्ट नाही. जायच्या किमान तीन आठवडे आधी कळवा.

---

शब्दपेटी

भाषेबद्दल. सहा-आठ आठवडे हाताशी असतील तर पूर्ण व्याकरणाच्या मागे लागू नका. आधी लिपी: हिरागाना ४६ मूळ अक्षरे, काताकाना ४६. रोज पाच अक्षरे हाताने लिहिली तर दहा दिवसांत एक लिपी होते. आधी काताकाना शिकावी असे मी सुचवेन, वर्गात क्रम उलटा असला तरी. उपाहारगृहांच्या यादीतले आणि दुकानांतले परदेशी शब्द काताकानातच असतात, आणि आपले नावही त्यातच लिहिले जाते. जपानी माणूस शाळेत २,१३६ जोयो (नित्यवापरातल्या) कांजी शिकतो. आपल्याला सुरुवातीला ४०-५० पुरतात: आत, बाहेर, पुरुष, स्त्री, ढकला, ओढा, उघडे, बंद, उत्तर-दक्षिण-पूर्व-पश्चिम, आकडे, वार.

उच्चारात मराठी माणसाला मोठा फायदा आहे. 'त्सु' हा आवाज आपल्या 'चमचा', 'चूक' यांतल्या दंत्य च चा, आणि 'चि' हा 'चिमणी'तल्या च चा. 'झ'च्या ठिकाणी 'जहाज'मधला ज बहुतेक वेळा चालून जातो. अडचण येते ती दीर्घ स्वरांची. ओबासान म्हणजे काकू-मावशी, ओबाऽसान म्हणजे आजी. एका मात्रेने यजमानीण बाईंचे वय तीस वर्षांनी वाढते. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळणाऱ्यांनी बोलतानाही तीच काळजी घ्यावी.

स्वतःची ओळख (जिकोशोऽकाइ) पाठ हवी, तीस सेकंदांची: 'हाजिमेमाशिते. (आडनाव) तो मोऽशिमासु. इन्दो कारा माइरिमाशिता. (विषय) ओ बेंक्योऽ शिते इमासु. दोऽझो योरोशिकु ओनेगाइ शिमासु.' (प्रथमच भेटतो आहोत. मी अमुक. भारतातून आलो. अमुक विषय शिकतो. कृपया सांभाळून घ्या.) शेवटच्या वाक्यानंतर वाकायचे, बोलता बोलता नाही. स्वतःच्या नावापुढे 'सान' लावू नये, तो दुसऱ्यासाठीचा आदर आहे.

नावाचे काताकाना रूप निघण्याआधी एकदा पक्के करा आणि सगळीकडे तेच लिहा. जपानीत ळ, ण नाहीत आणि ल-र एकच आहे, त्यामुळे एका नावाची तीन रूपे सहज होतात. मग बँकेत एक, आरोग्यविम्यात दुसरे, आणि पैसे परत जातात. वडिलांचे नाव मध्ये असले तर गोंधळ आणखी वाढतो.

घरातली रोजची जोडवाक्ये: निघताना 'इत्तेकिमासु', उत्तर 'इत्तेराश्शाइ'. परतल्यावर 'तादाइमा', उत्तर 'ओकाएरि'. जेवणाआधी 'इतादाकिमासु', नंतर 'गोचिसोऽसामा देशिता'. ही सहा वाक्ये रोज आली, तर बाकीचे तोडकेमोडके बोलणे खपते. ही आली नाहीत, तर उत्तम व्याकरण असलेला मुलगाही घरात परका राहतो.

---

होकायंत्र

@शब्दपेटी यांच्या यादीत ऐकण्याची बाजू घालतो, कारण बोलण्यापेक्षा जास्त घोटाळे तिथे होतात.

समोरचा बोलताना जपानी माणूस सारखा 'हाइ' (हो), 'ए' (हं), 'सोऽ देसु का' (असं का) म्हणत असतो. याला आइझुचि म्हणतात. त्याचा अर्थ 'ऐकतो आहे' एवढाच, 'मान्य आहे' असा नाही. प्राध्यापकांनी पाच वेळा 'हाइ' म्हटले म्हणून परवानगी मिळाली असे धरून चालू नका. आपण गप्प राहून ऐकले तर उलट त्यांना वाटते, की समजत नाही. ('नारुहोदो', म्हणजे 'अस्सं होय', मात्र वडीलधाऱ्यांना म्हणू नये, त्यात तपासून पाहिल्याचा सूर येतो.)

नकार क्वचितच 'इइए' (नाही) असा येतो. 'चोत्तो...' (जरा...) म्हणून वाक्य अर्धवट सुटले, की तो नकार. 'मुझुकाशिइ देसु ने' (अवघड आहे हो) हाही नकार. 'कांगाएते ओकिमासु' (विचार करून ठेवतो) हा बहुधा नकारच. त्यावर 'अवघड का आहे?' असे विचारत राहिले की समोरच्याची कोंडी होते. प्रश्नाची रचनाच बदला: 'मी येऊ का?' न म्हणता 'शनिवार सोयीचा की रविवार?' असे विचारले, तर समोरच्याला 'दोन्ही दिवस जरा...' म्हणून सुटता येते आणि आपल्यालाही उत्तर कळते.

---

तिसरा_मजला

कागदपत्रे आणि औषधे. हे कंटाळवाणे आहे, पण इथली चूक विमानतळावरच अडवते.

९० दिवसांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर निवासपत्र (झाइर्यूऽ कार्ड) मिळत नाही आणि पगारी काम करता येत नाही. सत्रभर जाणाऱ्यांना विद्यार्थी व्हिसा लागतो. त्यासाठी पात्रतेचे प्रमाणपत्र संस्था जपानमधून काढून पाठवते, आणि ते निघाल्यापासून तीन महिन्यांत जपानमध्ये प्रवेश करावा लागतो. नारिता, हानेदा, कान्साइ, चुबु यांसारख्या मोठ्या विमानतळांवर निवासपत्र हातात मिळते. राहायची जागा ठरल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्यविमा उरकून घ्या. उपचाराचा ७० टक्के खर्च विमा देतो, ३० टक्के आपण. वय २० पूर्ण असेल तर राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतही नाव येते, तिथे विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतीचा अर्ज तेव्हाच मागून घ्या. निवासपत्र कायम जवळ बाळगावे लागते. वेगळी परवानगी काढली तर आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते.

औषधे: डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधे एक महिन्यापुरती, बिनचिठ्ठीची दोन महिन्यांपुरती, एवढीच विनापरवाना नेता येतात. जास्त हवी असतील तर निघण्याआधी 'युन्यूऽ काकुनिन्-शो' हे प्रमाणपत्र काढावे लागते. अँफेटामिन असलेले औषध चिठ्ठी असली तरी नेता येत नाही. १० टक्क्यांहून अधिक स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधे परवानगीशिवाय चालत नाहीत, आणि १ टक्क्याहून अधिक कोडीन असलेले औषध मादक द्रव्यांच्या नियमांत मोडते. सर्दी-खोकल्याच्या गोळ्या न वाचता पिशवीत टाकल्या जातात, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

वीज १०० व्होल्ट, पिना दोन चपट्या. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर १००-२४० व्होल्टचे असतात, ते चालतात. २३० व्होल्टची किटली किंवा केस वाळवायचे यंत्र नेऊ नका, नीट तापणारच नाही.

---

सोनसळी

भेटवस्तूंची चर्चा आली नाही. यजमानांसाठी एक आणि विद्यापीठाच्या कार्यालयासाठी एक, अशा दोन वेगळ्या धरा. कार्यालयासाठी एकेक नग वेगळा बांधलेला कोरडा खाऊ उत्तम, कारण तो टेबलाटेबलावर वाटतात. मांस असलेला कुठलाही पदार्थ, ताजी फळे, बिया नेऊ नयेत, त्या विमानतळावरच काढून घेतल्या जातात.

वस्तू फार महाग असू नये. मिळालेल्या भेटीच्या साधारण निम्म्या किमतीची परतभेट (ओकाएशि) देण्याची रीत आहे, त्यामुळे महागडी भेट यजमानांवर ओझे टाकते. चारचे संच टाळा, 'शि' म्हणजे चार आणि मृत्यूही. नऊ ('कु') मध्ये यातनेचा उच्चार येतो. वस्तू पिशवीतून बाहेर काढून, लिहिलेली बाजू त्यांच्याकडे करून, दोन्ही हातांनी द्यायची. दारात द्यायची नाही, खोलीत बसल्यावर द्यायची. त्यांनी ती समोर उघडली नाही तर आवडली नाही असे समजू नका.

---

पानगळ

चॉपस्टिकच्या नियमांच्या याद्या चाळीस-चाळीस कलमांच्या मिळतात. विद्यार्थ्यांनी त्या पाठ करू नयेत असे माझे मत. दोनच गोष्टी खऱ्या अर्थाने मनाला लागतात: भातात काड्या उभ्या रोवणे आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देणे. पहिले मृतासमोर ठेवलेल्या भाताचे रूप आहे. दुसरे दहनानंतर अस्थी उचलतानाचे, तिथे दोन माणसे मिळून काड्यांनी अस्थी कलशात ठेवतात. कारण कळले की विसरायला होत नाही. बाकीचे (काडीने बोट दाखवल्यासारखे करणे, ताटावर काड्या फिरवत राहणे) बघून बघून सुटते.

तसेच युकाताचे (उन्हाळी सुती किमोनो). यजमान हौसेने नेसवतात. नेसताना डावी बाजू उजवीच्या वर यायला हवी. उलट नेसवतात ते प्रेताला.

---

उंबरठा

@पानगळ, पूर्ण सहमत. कारणासकट दोन नियम हे कारणाविना चाळीस नियमांपेक्षा जास्त टिकतात. वर्गातल्या चालीरीतींबद्दल कुणी लिहील का? सत्रभर जाणाऱ्यांना तिथे सर्वांत जास्त वेळ काढायचा असतो.

---

होकायंत्र

शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, दुसरे सत्र साधारण सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात. तासिका बहुतेक ठिकाणी ९० मिनिटांची. हजेरी मोजली जाते आणि ती गुणांतही धरतात. 'पाच मिनिटे आधी' हा शाळेपासूनचा संस्कार आहे. दहाची तासिका म्हणजे ९:५५ ला जागेवर. उशीर होणार असेल तर ठरलेल्या वेळेच्या आधी कळवायचे, नंतर दिलेले कारण कितीही खरे असले तरी उपयोगाचे नसते. गाडी उशिरा आली तर स्थानकावर उशिराचा दाखला (चिएन शोऽमेइशो) मिळतो, तो घेऊन जा. कुणाच्या घरी जेवायला जाताना मात्र उलट: आधी पोचू नये. नेमकी वेळ किंवा दोन-तीन मिनिटे उशीर बरा, म्हणजे यजमानांची तयारी अर्धवट असताना आपण दारात उभे राहत नाही.

मुख्य चूल म्हणजे झेमि, प्राध्यापकांचा दहा-पंधरा विद्यार्थ्यांचा छोटा गट. तिथे सेनपाइ (वरच्या वर्षाचे) आणि कोऽहाइ (खालचे) ही उतरंड खरी चालते. खोलीच्या किल्ल्या, छपाई यंत्र, बसण्याच्या जागा यांबद्दल प्राध्यापकांना नाही, सेनपाइना विचारायचे. बैठकीत दारापासून सर्वांत लांबची जागा ज्येष्ठांची, म्हणून बसवल्याशिवाय बसू नका.

चर्चेत सगळ्यांसमोर प्राध्यापकांच्या म्हणण्याला थेट 'हे चूक आहे' म्हणणे टाळतात, पण म्हणून गप्प बसायचे नसते. 'मला एक गोष्ट नीट कळली नाही' म्हणून आपला आक्षेप प्रश्नाच्या रूपात मांडला तर तो स्वागतार्ह असतो. प्राध्यापकांना मेल लिहिताना विषयाच्या ओळीत काम आणि स्वतःचे नाव, सुरुवातीला '(आडनाव) सेन्सेइ' (गुरुजी). सेन्सेइच्या पुढे 'सामा' हा आदराचा प्रत्यय जोडू नये. पहिल्या ओळीत आपला विभाग, वर्ष आणि नाव. मग काम. शेवटी योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु. उत्तर आले की दोन ओळींची पोच द्यावी.

झेमिच्या मेजवानीत (नोमिकाइ) सगळ्यांचे पेले भरून 'काम्पाइ' (चिअर्स) होईपर्यंत प्यायचे नाही. सज्ञान होण्याचे वय १ एप्रिल २०२२ पासून १८ झाले, पण दारूसाठीचे वय २० च आहे. या दोन आकड्यांत १८-१९ वर्षांचे विद्यार्थी फसतात. 'उऽरॉनचा ओनेगाइ शिमासु' (ऊलाँग चहा द्या) एवढे म्हटले की पुरते, कारण द्यावे लागत नाही.

---

मेतकूट

सरकत्या जिन्यावर तोक्योत डावीकडे उभे राहायचे आणि ओसाकात उजवीकडे, हे बरोबर ना?

---

तिसरा_मजला

सवय तशीच आहे, पण आता दुरुस्ती करून शिकवा. घाईच्या लोकांसाठी एक बाजू मोकळी ठेवू नका, दोन्ही बाजूंना स्थिर उभे राहा, असे रेल्वे सांगते. साइतामा प्रांताने ऑक्टोबर २०२१ पासून आणि नागोया शहराने ऑक्टोबर २०२३ पासून जिन्यावर न चालता उभे राहण्याचा नियमच केला आहे. कारण अपघात, आणि एका हाताने कठडा धरू न शकणारी माणसे.

गाडीत फोन 'मॅनर मोड'वर (आवाज बंद), बोलणे बंद, पाठपिशवी पोटावर. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास जाते आणि पहाटेपर्यंत दुसरी नसते. यजमानांनी मोंगेन (घरी परतायची वेळ) ठरवून दिली असेल तर ती शेवटच्या गाडीच्याही आधीची धरा. रात्री जेवायला येणार नसाल तर सकाळीच सांगा, संध्याकाळी सहाला कळवले तर स्वयंपाक झालेला असतो.

कचऱ्याचे नियम प्रत्येक नगरपालिकेचे वेगळे. पत्ता नोंदवताना तिथले वेळापत्रक मागून घ्या. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या-डबे यांचे वार ठरलेले. पेट (प्लास्टिकच्या) बाटलीचे झाकण आणि वेष्टन काढायचे, ती विसळायची, चेपायची. काही गावांत ठरावीक पिशवीच लागते. कचरा त्या दिवशी सकाळीच ठेवायचा (बहुधा आठच्या आत), आदल्या रात्री नाही, कावळे आणि मांजरे पिशव्या फाडतात. चुकीची पिशवी कागद चिकटवून तिथेच सोडली जाते आणि शेजाऱ्यांना ती कुणाची आहे हे बरोबर कळते.

---

रानजाई

भूकंपाची तयारी हा तिथल्या संस्कृतीचाच भाग आहे, कृपया वगळू नका. १९२३ च्या कांतो भूकंपाच्या आठवणीत १ सप्टेंबर हा आपत्तीनिवारण दिन असतो. शाळांत, कार्यालयांत सराव होतात, त्यात भाग घ्यावा.

बातम्यांत दोन आकडे येतात. माग्निचूऽदो ही भूकंपाची मूळ ताकद, शिंदो म्हणजे आपण उभे आहोत तिथे जाणवलेला हादरा. आपल्या कामाचा शिंदो. तो ० ते ७ असतो, त्यात ५ आणि ६ चे सौम्य-तीव्र असे दोन-दोन भाग, म्हणून एकूण दहा पायऱ्या. ५-तीव्रला काही न धरता चालणे कठीण होते, ६-सौम्यला उभे राहणे.

पोचल्या दिवशी यजमानांना तीन गोष्टी विचारा: जवळचे आश्रयस्थान (हिनान्जो) कुठे, आपत्तीची पिशवी कुठे ठेवता, फोन बंद पडले तर कुठे भेटायचे. पलंगाशी जाड तळव्याच्या सपाता आणि विजेरी ठेवा, पहिली इजा बहुतेकदा फुटलेल्या काचेची असते. ११० पोलीस, ११९ आग आणि रुग्णवाहिका, १७१ हा आपत्तीत निरोप ठेवण्याचा क्रमांक.

---

शब्दपेटी

देवळांबद्दल धागाकर्त्यांनी शेवटी लिहा म्हटले होते, म्हणून थोडक्यात. शिंतो देवस्थानात (जिंजा) दोनदा वाकणे, दोन टाळ्या, एकदा वाकणे. इझुमोच्या देवस्थानात टाळ्या चार. बौद्ध मंदिरात (तेरा) टाळी वाजवायची नाही, फक्त हात जोडायचे. आधी ओघराळ्याने डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीतल्या पाण्याने चूळ. ओघराळ्याला तोंड लावू नये.

आणि मुलांना नोटांवरचे चेहरे दाखवा. जुलै २०२४ च्या ५,००० येनच्या नोटेवर त्सुदा उमेको आहेत. १८७१ मध्ये, सहा वर्षांच्या असताना, त्यांना सरकारने शिकायला अमेरिकेला पाठवले. १८८२ मध्ये त्या परतल्या तेव्हा त्यांचे जपानी जवळजवळ पुसले गेले होते, ते त्यांना पुन्हा शिकावे लागले. १९०० मध्ये त्यांनी मुलींसाठी उच्चशिक्षणाची शाळा काढली. १,००० च्या नोटेवरचे कितासातो शिबासाबुरो जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्याकडे शिकले. परदेशी शिकायला गेलेली दोन माणसे एक देश आपल्या नोटांवर छापतो, हे यजमानांशी बोलायला फार चांगले निमित्त आहे. तिथले लोक या विषयावर मोकळेपणाने बोलतात.

---

सोनसळी

परतल्यानंतरचे राहिले. निघताना मानलेले आभार पुरत नाहीत. आठवड्याभरात हाताने लिहिलेले आभारपत्र (ओरेइजो) जायला हवे, तोडक्या हिरागानात असले तरी चालते. त्यात 'सगळे छान होते' एवढेच न लिहिता एखादा नेमका पदार्थ किंवा प्रसंग लिहा. लाल शाईने नाव लिहू नये, यजमानांचे तर नाहीच. पुढे कधीही भेट किंवा बोलणे झाले, की पहिले वाक्य 'सेंजित्सु वा आरिगातोऽ गोझाइमाशिता' (मागच्या वेळचे आभार). दुसऱ्यांदा आभार मानणे तिथे अपेक्षित असते, आणि नेमके हेच विसरले जाते.

नववर्षाचे कार्ड (नेंगाजोऽ) १ जानेवारीच्या सुमारास पोचेल असे पाठवा. परदेशातून टपाल डिसेंबरच्या सुरुवातीलाच टाकावे लागेल. मात्र वर्षअखेर त्यांच्याकडून 'मोचूऽ'चे, म्हणजे घरात सुतक असल्याचे पत्र आले असेल, तर नेंगाजोऽ पाठवत नाहीत. अशा वेळी ७ जानेवारी उलटल्यावर, ४ फेब्रुवारीच्या आत पोचेल असे 'कान्चूऽ मिमाइ' (थंडीतली विचारपूस) लिहितात. त्यात अभिनंदनाचा एकही शब्द नसतो, प्रकृती सांभाळा एवढेच असते.